दफ्तरदार मॅडम आणि शेवटची रांग

दफ्तरदार मॅडमकडे गेलेल्या माणसाचं बोलणं संपलं तरी मॅडम उठत नसत. चहाचे कप रिकामे झालेले असत, माणूस चपला घालायच्या बेतात असे, आणि त्या विचारत, "अजून काही?" एवढं विचारून त्या गप्प बसत. हे गप्प बसणं शिष्टाचाराचं नसे. आपण "नाही, काही नाही" म्हटलं तरी त्या हलत नसत. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान थोडी कलती, नजर आपल्यावर. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागे. मग काय होत असे कोण जाणे, आपण बोलायला लागायचो, आणि जे सांगायला खरं म्हणजे आलो होतो ते तेव्हा बाहेर पडायचं.

उज्जैनच्या माधव नगरातल्या त्यांच्या भाजीवाल्याचंही तेच. "और कुछ?" हा खरं तर त्याने विचारायचा प्रश्न. पण मॅडम पिशवी हातात घेऊन त्यालाच विचारत आणि उभ्या राहत. तो आधी हसायचा. मग मेथीच्या जुड्या उगाच सारख्या करत सांगायचा की बायको माहेरी जाऊन बसली आहे, परत यायचं नाव घेत नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या कामासाठी. तिसऱ्या वर्षाला आम्हांला राज्याच्या गेल्या काही वर्षांतल्या एखाद्या कायद्यावर प्रबंध लिहायचा होता. मला आला तो गॅसवर चालणाऱ्या वीज प्रकल्पांना लवकर परवानग्या देण्याचा कायदा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. पपा नानाखेड्याच्या बसस्टँडवरून ऑटो चालवतात. आम्ही मूळचे जळगावकडचे, घरात मराठी बोलतो पण निम्मी हिंदी. पपा मॅडमना कधीकधी बँकेत सोडत असत, म्हणून त्यांनी म्हटलं, "मैडम सरकार में होती, त्यांना विचार. मराठी आहेत, हाकलणार नाहीत."

मी दहा प्रश्न लिहून नेले होते. मॅडमनी दहाही प्रश्नांची उत्तरं दिली. मी वही मिटली. त्यांनी विचारलं, "अजून काही?" मी नाही म्हटलं. त्या थांबल्या. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या थांबलेल्याच. शेवटी मी सांगितलं की विधेयक आणि कायदा यांत फरक काय तेच मला कळलेलं नाही, आणि वर्गात विचारायची भीती वाटते. मॅडम म्हणाल्या, "हं. आता सुरुवात करू."

त्यांचं घराणं जुनं, शिंद्यांच्या काळात दफ्तर सांभाळायला आलेलं. आडनाव तिथूनच आलं. मॅडम म्हणत, "आमचे पूर्वज कागद जपायचे. मला माणसांना बोलतं करायचं काम मिळालं." सरकारी नोकरीत त्यांनी बरीच वर्षं जनसुनवाया घेतल्या. कुठे खाण येणार, कुठे कारखाना येणार, त्याआधी गावात मांडव टाकून लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि अहवाल पाठवायचा. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. लोकांसमोर बसून घड्याळ बघणं म्हणजे त्यांना उठा म्हणणं, असं त्यांचं मत होतं. हे मला बाबूलालकाकांनी सांगितलं, कारण मी मॅडमना भेटले तेव्हा त्यांच्या हातात घड्याळच नव्हतं.

बाबूलालकाका त्यांच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. दोघं रिटायर झाले तरी काका रविवारी येत, बाहेरच्या खुर्चीवर बसत आणि मॅडमच्या देखत मॅडमची चेष्टा करत. मॅडमचा चहावाला कायदा त्यांच्याकडूनच मला कळला.

इकडच्या गावांत सासरे, थोरले दीर समोर असले की बाई बोलत नाही. घुंघट ओढून मागे बसते. सभेत पुरुष उठून बोलतात, बायका शेवटच्या रांगेत ऐकतात, आणि सरकारी कागदावर येतं की गावाचं म्हणणं असं असं आहे. मॅडमनी यावर उपाय काढला होता. पुरुषांचं बोलून झालं की त्या जाहीर करत, मंडळींसाठी चहा-कचोरी आहे, तिकडे झाडाखाली. ते झाड काका मुद्दाम लांबचं निवडत. "जितनी दूर चाय, उतनी अच्छी सुनवाई," काका म्हणाले. पुरुष गेले की मॅडम मांडवात शेवटच्या रांगेकडे वळून विचारत, "और कोई?" आणि थांबत.

एका गावात दगडाच्या खाणीची सुनवाई होती. पुरुषांनी मजुरीचे दर, धूळ, स्फोटांनी भिंतींना जाणारे तडे, सगळं सांगितलं होतं. ते चहाला गेले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग घुंघटाआडून एक आवाज आला की ट्रक ज्या रस्त्याने जाणार आहेत, पहाटे अंधारात आम्ही त्याच रस्त्याला परसाकडे बसायला जातो. एवढंच. ट्रकांचा रस्ता बदलला गेला. पुरुषांना का बदलला ते कधी कळलं नाही. "वो समझे कि उनकी धूल के कारण बदला," काका हसले. "आज तक मूँछ पे ताव देते हैं."

मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

ही सवय मला नंतर समजली. बोलता बोलता त्यांची नजर मागे जाई, जणू मागच्या बाजूला कोणी उठून उभं राहिलं आहे. लग्नात गेल्या तर अशा जागी बसत की शेवटची खुर्ची दिसली पाहिजे. एकदा मी त्यांच्यासोबत राम घाटावर आरतीला गेले. सगळे नदीकडे तोंड करून उभे. मॅडम शिप्रेकडे पाठ करून गर्दीकडे बघत होत्या, अगदी मागे, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला. एका पंड्याने "माताजी, उधर" असं दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

दुसरी एक सवय दिव्यांची. माधव नगरात आता वीज सहसा जात नाही. पण मॅडम एकट्या असल्या की दिवा लावत नसत. संध्याकाळी मी गेले तर अंधारातच दार उघडत, मला बघून बटण दाबत, आणि मी निघाले की दार लावायच्या आधी बंद करत. मला वाटायचं काटकसर असेल. पेन्शन चांगली होती, पण जुन्या माणसांना सवय असते.

कायद्याबद्दल मात्र त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. मी प्रबंधात लिहिलं होतं की हा कायदा लोकविरोधी आहे. वर्गात सगळे तसंच लिहीत होते. मॅडमनी ते वाक्य वाचून विचारलं, "कशावरून?" मी वहीची पानं चाळली. मग त्यांनी सांगितलं. सूर्य मावळला की सौर वीज थांबते, आणि नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. अशा वेळी गॅसवरचा प्रकल्प लगेच सुरू करता येतो. पण एका प्रकल्पाला इतक्या कार्यालयांची परवानगी लागायची की त्यात वर्षं जात. एका गावच्या दवाखान्यात त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्या तिथे कामाला गेल्या असताना दिवेलागणीला वीज गेली. आत बाळंतीण होती. नर्सने मोबाईलचा उजेड धरायला मॅडमनाच उभं केलं. त्या भागात वीज देणारा प्रकल्प अडला होता, कारण एका कार्यालयाने उत्तरच दिलं नव्हतं.

"नाही म्हणाले नव्हते," मॅडम म्हणाल्या. "नुसते गप्प होते. मला फार राग आला होता."

पुढे कायद्याचा मसुदा तयार होत असताना अनुभवी अधिकाऱ्यांना सूचना द्यायला बोलावलं, तेव्हा मॅडमनी हेच मांडलं. कार्यालयाला मुदत द्या. मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा. सूचना घेतली गेली. सगळ्यांना आवडली. इतकी आवडली की पुढे जनसुनवाईलाही तीच लागली. सुनवाई एकच, ठरलेल्या वेळात संपवायची, आणि तिथे जी हरकत आली नाही ती हरकत नाहीच असं समजायचं.

मॅडम मला म्हणाल्या, "अधिकारी गप्प बसला तर होकार धरा, असं मी म्हणाले होते. माणसं गप्प बसली तर, असं नव्हते म्हणाले. पण मसुदा हातात आला तेव्हा मी ते वाचलं, आणि तेव्हा मीही गप्प बसले."

मी विचारलं, "का?"

"माझी सूचना घेतली होती ना. बरं वाटत होतं."

त्या कायद्याखालची एक सुनवाई मॅडमकडेच आली. उज्जैनपासून फार लांब नाही ते गाव, नाव मी लिहीत नाही. नाल्याच्या कडेची सरकारी पडीक जमीन, कोणाच्या नावावर नाही, कोणी कसत नाही, घर नाही, देऊळ नाही. अशी जागा शोधून सापडत नाही. गावातले पुरुष खूश होते. रस्ता होणार, पोरांना गेटवर तरी नोकऱ्या लागणार. सगळ्यांनी उठून हो सांगितलं. कंपनीची माणसं, वरून आलेले साहेब, सगळे बसलेले. बाबूलालकाकांनी लांबच्या चिंचेखाली स्टोव्ह पेटवून ठेवला होता. पण भाषणं लांबली होती आणि ठरलेली वेळ संपत आली होती.

मॅडमनी विचारलं, "और कोई?"

शेवटच्या रांगेत पिवळ्या ओढणीतली एक बाई शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून अर्धी उठली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने वळून बघितलं. बाई तशीच अर्धी उभी राहिली.

"त्या दिवशी मी घड्याळ वर फिरवून बांधलं होतं," मॅडम म्हणाल्या. "वेळेत संपवायचं होतं म्हणून. मी घड्याळाकडे बघितलं. परत वर बघितलं तर ती बसलेली होती."

मॅडमनी सभा संपवली आणि अहवालावर सही केली की कोणाचीही हरकत नाही. चहा तसाच राहिला. काकांनी तो चिंचेच्या मुळाशी ओतून दिला. परतताना जीपमध्ये मॅडमनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं ते पुन्हा बांधलं नाही. प्रकल्प ठरल्यापेक्षा लवकर उभा राहिला. आमच्याकडची वीज जायची थांबली.

हे ऐकल्यावर मला दिव्यांचं कळलं.

मी फार विचार न करता बोलून गेले. म्हटलं, "मॅडम, मग त्या बाईंना जाऊन विचारायचं ना, काय सांगायचं होतं ते."

बाहेरच्या खुर्चीवरून काका म्हणाले, "बेटा, मैं भी तो यही बोलता आया हूँ. पर ड्राइवर की कौन सुने? ड्राइवर तो सिर्फ़ रास्ता बताने के लिए होता है."

"बाबूलाल," मॅडम म्हणाल्या, "ती म्हणाली काहीच नव्हतं सांगायचं, तर?"

"तो अच्छा ही है ना, मैडम."

"आणि काही असेल तर?"



तरी पुढच्या रविवारी आम्ही गेलो. काकांच्या पुतण्याची व्हॅन होती. मॅडम पुढे बसल्या. गाव यायच्या आधी प्रकल्प दिसला. धुराचं काही नाही, स्वच्छ, उंच चिमण्या, लांबच लांब भिंत. एक बारीक घरघर मात्र सतत ऐकू येत होती. गावातल्या लोकांना ती आता ऐकू येत नाही म्हणे.

काकांनी चौकशी केली. पिवळी ओढणी कोणाच्या लक्षात असणार, पण कुठल्या म्हाताऱ्याची सून ते काकांना आठवत होतं. बाईंचं नाव गेंदाबाई. तो म्हातारा, म्हणजे तिचे सासरे, वारले होते. ती आता डोक्यावर पदर नुसता टेकवून ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मुलगा प्रकल्पाच्या गेटवर चौकीदार. ओट्यावर आणखी दोन-तीन पुरुष बसलेले. शहरातून कोण आलं म्हणून आणखी जमायला लागले.

काकांनी मॅडमकडे बघितलं. मग त्यांनी म्हाताऱ्यांतल्या एकाच्या पाठीवर हात ठेवला. "चलो दादा, गेट वाली दुकान पे चाय पिलाता हूँ. सब चलो." चहाचं दुकान चांगलंच लांब होतं. सगळे गेले.

मॅडम ओट्याच्या पायरीवर बसल्या. हिंदीत म्हणाल्या, "उस दिन आप उठी थीं. मैंने सुना नहीं. आज सुनने आई हूँ."

गेंदाबाईने बराच वेळ त्यांना बघून घेतलं. ओळख पटली असावी. "अब कई फायदो, बाई," ती म्हणाली. आता काय फायदा.

"फ़ायदा कुछ नहीं. मेरे हाथ में अब कुछ नहीं है," मॅडम म्हणाल्या, आणि हात गुडघ्यांवर ठेवून थांबल्या.

लसूण सोलून संपला. गेंदाबाईने सालपटं गोळा केली, अंगणात टाकली, परत येऊन बसली. मग तिने भिंतीकडे बोट केलं.

तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. भिंतीच्या आत, नाल्याच्या कडेला, पूर्वी पळसाची झाडं होती. या गावात जन्मून न जगलेली मुलं तिथे पुरत. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. दगड नाही, खूण नाही, नाव तर ठेवलेलंच नसतं. पुरुष खड्डा करून येत आणि पुन्हा त्याबद्दल बोलत नसत. त्यांच्यासाठी ती नाल्याकडची पडीक जमीन. कागदावरही तेच होतं आणि कागद खोटा नव्हता. पण बायका गवत कापायला तिकडे जात, आणि कोणाचं मूल कोणत्या पळसाखाली आहे ते बायकांना ठाऊक होतं. चुळकाभर दूध ओतून येत. सासऱ्यांसमोर हे कसं सांगायचं? सभेत तर मुळीच नाही. तरी ती उठली होती.

"म्हारा दो है वां," गेंदाबाई म्हणाली. तिची दोन आहेत तिथे.

आता तिथे म्हणे हिरवळ लावली आहे. उन्हाळ्यातही हिरवी असते. मुलगा सांगतो. तो रोज तिथेच उभा असतो, पण आपली दोन भावंडं त्या गवताखाली आहेत हे त्याला माहीत नाही. तिने सांगितलेलं नाही. नोकरी आहे, उगाच त्याचं तिथे मन लागणार नाही.

मॅडमनी फक्त विचारलं, "आपको जगह मालूम थी?"

"माँ को नहीं होगी तो किसको होगी?"

मॅडमनी भिंतीकडे बघितलं. मग मराठीत बोलल्या. गेंदाबाईशी नाही, माझ्याशीही नाही.

"आम्हांला जागासुद्धा सांगितली नव्हती."

मॅडमना मूल झालंच नाही असं मी समजत होते. सगळेच समजत होते.

गेंदाबाईला मराठी कळत नव्हतं, पण हे कळलं. शेजारच्या घरांतून बायका एकेक करून येऊन बसत होत्या. गेंदाबाईने थोडं पुढे सरकून विचारलं, "ने तमारो, बाई?" आणि तुमचं? विचारून तिने हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बाबूलालकडे जा," म्हणाल्या. "चहा घे."

मी उठले. तो चहा कशासाठी असतो ते मला माहीत होतं.

नंतरचं थोडं इथेच सांगून टाकते, कारण गोष्ट मला त्यावर संपवायची नाही. मॅडमनी प्रकल्पाच्या व्यवस्थापकांना एक अर्ज पाठवला. वर्षातून एक दिवस गावातल्या बायकांना त्या हिरवळीपर्यंत जाऊ द्यावं, बाकी काही नको. कारण लिहिलं नाही, बायकांनी नको म्हटलं होतं. उत्तर आलं नाही. मॅडम रोज टपालासाठी फाटकाकडे बघत आणि एकदा म्हणाल्या, "अशा अर्जांना तो कायदा लागत नाही ना. नाहीतर एव्हाना मंजुरी झाली असती." त्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. आजारपण फार नव्हतं. दरम्यान मी त्यांना बऱ्याचदा भेटले, माझा निकालही त्यांनाच आधी सांगितला. अर्ज आता मी पाठवते. त्यावर काय लिहायचं ते त्यांनी शिकवलं आहे.

पण मॅडम म्हटलं की मला दिसतात त्या चहाच्या दुकानावरून दिसलेल्या.

संध्याकाळ होत होती. भिंतीवरचे दिवे ओळीने लागले. ओट्यासमोर बायकांचा गोल झाला होता आणि मॅडम त्यात पुढे नव्हत्या, मागच्या बाजूला बसल्या होत्या, बायकांमध्ये, पदर डोक्यावर घेऊन. मागे कोणी आहे का ते बघत नव्हत्या. मान खाली होती आणि बोलताना हलावी तशी हलत होती. बाकी कोणी हलत नव्हतं.

बाबूलालकाकांनी हळूच विचारलं, "वो बोली?"

मी हो म्हटलं.

"तो अब कौन बोल रहा है?"

मी तिकडे बघितलं. काकांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. पुरुष मंडळी कप ठेवून उठायला लागली होती. काका दुकानदाराकडे वळले.

"भाई, सबके लिए एक-एक चाय और," ते म्हणाले. "ज़रा धीरे बनाना."